तेवीस किलोंचा युरोप

मे महिन्यात जालन्याच्या सिंधी बाजारात स्वेटर मागितला, की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्यासोबत आलेल्या शहाण्या माणसाकडे बघतो. बाहेर ४२ अंश. रिक्षावाला तापलेल्या सीटवर ओली दस्ती अंथरून बसलेला, आणि आपण विचारतोय, "लोकरीचं काही आहे का? जाडच दाखवा." अलीकडे मात्र दुकानदारांना सवय झाली आहे. ते क्षणभर थांबतात, "युरोप का?" म्हणतात आणि पोराला माळ्यावर चढवतात. दिवाळीनंतर रस्त्याकडेला स्वेटर मांडून बसणारी तिबेटी मंडळी उन्हाळ्याआधीच गाशा गुंडाळून गेलेली असतात, त्यामुळे मे महिन्यातली सगळी थंडी या माळ्यावरूनच उतरते. सोबत डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. तो पुढे पॅरिसपर्यंत साथ देतो.

आमच्या दाजींनी तिथे कूलरसमोर उभं राहून जॅकेट घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी डोक्यावर घेतली. कपाळावरून घामाची धार निघाली.

"बसतंय का?" दुकानदाराने विचारलं.

"जॅकेट बसलं. आता मला बसू द्या," दाजी म्हणाले आणि गादीवर टेकले. दुकानदाराने पाणी दिलं.

दाजी बँकेतून निवृत्त झाले. फंडातले थोडे पैसे बाजूला काढून त्यांनी आणि ताईने २०२५च्या जूनअखेरीस निघणाऱ्या युरोपच्या सहलीत नाव घातलं. सहल कंपनीने काय आणावं याचा छापील कागद दिला होता. कागद अगदी समजूतदार होता: हलके कपडे, एक गरम जॅकेट, छत्री, चालायला सोयीचे बूट. चार ओळींत युरोप आटोपला होता. पण आपल्याकडे छापील कागदाला किंमत नसते. किंमत असते ती 'जाऊन आलेल्या' माणसाला, आणि आमच्या कॉलनीत जाऊन आलेली माणसं भरपूर आहेत. एक जण गेले तेव्हा लंडनला पाऊस होता. ते रेनकोट सांगून गेले. दुसऱ्यांना स्वित्झर्लंडमध्ये हुडहुडी भरली होती, त्यांनी माकडटोपी सांगितली. तिसऱ्या काकूंना रोममध्ये उन्हाने चक्कर आली होती. त्यांनी सुती साड्या, कांदा आणि इलेक्ट्रालची पाकिटं सांगितली. ताईने यातलं काहीही खोडलं नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. पण बॅग भरताना मन कोण विचारतो? जनाचंच ऐकायचं आणि जनाचंच भरायचं.

शेवटी दुकानातलं जॅकेट घेतलंच नाही. कारण तिसऱ्या गल्लीतून कॉलनीचं जॅकेट आलं.

हे निळं जॅकेट नेमकं कुणाचं, हे आता सांगता येत नाही. कुणाच्या तरी मुलाने जर्मनीहून बापासाठी पाठवलं होतं. बापाने ते जालन्यात घातलं असतं तर लोकांनी दवाखान्यात नेलं असतं, म्हणून ते पडून राहिलं. मग शेजारचे युरोपला निघाले, त्यांनी मागून नेलं. पुढे ते फिरतंच राहिलं. कॉलनीतल्या कुठल्याही माणसापेक्षा या जॅकेटचा युरोप जास्त झालेला आहे. व्हिसाच्या खिडकीत ते एकटं उभं राहिलं असतं, तरी त्याला कुणी नाही म्हटलं नसतं. कॉलनीतल्या बऱ्याच घरांत बर्फातला एक मोठा फोटो फ्रेम करून लावलेला आहे. फोटोत माणूस बदलतो, जॅकेट तेच. एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरी गेला, तर त्याला वाटतं हा सगळा एकाच माणसाचा परिवार असावा. ते आमच्याकडे आलं तेव्हा त्याच्या खिशात अर्धी बडीशेपची पुडी, एक चुरगळलेलं डोंगरगाडीचं तिकीट आणि कुणाची तरी बीपीची गोळी होती. ताईने गोळी फेकली, बडीशेप तशीच ठेवली.

आता परक्या मुलखात भलतेच कपडे घालून जायचा शिरस्ता काही आपण पाडलेला नाही. तो आमच्याच जिल्ह्यात इंग्रजांनी पाडला. भोकरदनच्या पलीकडे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला आणि जिंकला. माणूस डोक्याने पक्का. नदी ओलांडायला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. याने समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की गावं अशी जवळ वसली आहेत म्हणजे मधून जाण्यायेण्याची वाट असणारच. वाट निघाली. एवढी अक्कल ज्या सेनापतीला, त्याच्या गोऱ्या पायदळाच्या अंगावर काय होतं? लाल लोकरी कोट! सप्टेंबरात, पाऊस उघडल्यावर आपल्याकडे जी उकड होते तिच्यात! असईचा शेतकरी कोपरीवर होता आणि स्कॉटलंडचा शिपाई लोकरीत. त्यालाही निघताना कुणीतरी जाऊन आलेल्याने सल्ला दिला असणार.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं, आणि त्याच्या पसंतीच्या चामडी बुटांना त्याचं नाव पडलं. नंतर तसेच बूट रबराचे निघाले, आणि इंग्रज आजही गमबुटांना 'वेलिंग्टन'च म्हणतात. म्हणजे असईची लढाई मारणारा माणूस त्याच्या देशात गमबूट म्हणून उरला. लंडनला चिखल असतो, दाजींना गमबूट द्या, असं आमच्या काकू सांगत होत्या, तेव्हा त्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "बघा, मग घ्याच!"

कपड्यांचा पोत ठरवताना आणखी एक गंमत झाली. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि २००२ साली बीटी कापसाचं बियाणं देशात आलं तेही महिकोच्याच मार्फत. जिल्ह्यात नजर जाईल तिथवर कापूस. आणि याच जिल्ह्यातल्या घरात जो येईल तो सांगत होता, "कॉटन अजिबात नेऊ नका. तिकडं वाळत नाही." आपल्याकडे धोतर दोरीवर टाकून चहा घ्यावा, चहा संपेस्तोवर धोतर कडक. युरोपातल्या हॉटेलात दोरी नाही, गच्ची नाही, ऊन आलं तर खिडकी नाही. खोलीत बनियन धुतली तर ती सकाळी ओलीच असते आणि बस आठला निघते. मग बनियन दिव्याच्या टोपणावर, मोजे केस वाळवायच्या यंत्राच्या तोंडावर. म्हणून सगळं पॉलिस्टर. कापूस पिकवणाऱ्यांच्या घरात नायलॉनची थप्पी लागली. आमचे एक मामा कापूसवाले आहेत. ते ती थप्पी बघून काही बोलले नाहीत, नुसता भाव विचारून गेले.

ताईचा प्रश्न वेगळा होता. ती जन्मात साडीशिवाय घराबाहेर पडलेली नाही. मुलीने पुण्याहून दोन जीन्स पाठवल्या. त्या घरात घालून पाहायला दार-खिडक्या लावाव्या लागल्या. मग युरोपला जाऊन आलेल्या बायकांचा ठरलेला मार्ग तिला समजला. जालन्याच्या स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये साडीत चढायचं, कारण निरोपाला सासर येतं. सकाळी मुंबई, तिथून विमानतळ. विमानतळावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात साडी जाते आणि जीन्स येते. परतीला ह्याच जागी उलट अदलाबदल. बाहेर थांबलेले नवरे बराच वेळ चुकीच्या बाईकडे बघत उभे राहतात, आणि बायको शेजारी येऊन म्हणते, "अहो, मी हिथं आहे." हा गनिमी कावा पूर्वी निभत होता. आता फोटो त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतात. ताईच्या जीन्समधल्या पहिल्या फोटोवर तिच्या सासूबाईंनी सगळ्यांचे आडाखे चुकवून एकच विचारलं, "गरम होत नाही का तिला त्यात?"

आणि होता चोरखिसा. पॅरिस-रोमला खिसेकापू फार, हे प्रत्येकाने सांगितलेलं. आपल्या शेतकऱ्याच्या बंडीला आतून चोरखिसा असतोच, बाजाराच्या दिवशी त्याशिवाय निभत नाही. टेलरने दाजींना तशी बंडी शिवून दिली आणि ताईच्या परकराला चेनचा कप्पा लावून दिला. सुरक्षितता पक्की झाली. एकच अडचण उरली. ताईला काहीही विकत घ्यायचं, तर आधी स्वच्छतागृहात जाऊन पैसे काढावे लागत, आणि तिकडे पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृहात शिरायलाच एखादा युरो लागतो. तो परकरात.

आता वजन. मोठी बॅग २३ किलो, हातातली ७. ताई म्हणाली हातात उचलून अंदाज येतो. दाजी बँकेतले, त्यांना अंदाज चालत नाही. जालना हे सळयांचं गाव आहे, एमआयडीसीत वजनकाट्यांना तोटा नाही. पण ते ट्रकचे. मिलमधला ओळखीचा माणूस म्हणाला, "साहेब, आमच्या काट्याला तुमची बॅग दिसायचीच नाही." शेवटी मोंढ्यात एका अडतीवर गेलो, जिथे तूर आणि सोयाबीन मोजतात. बॅग बघून हमालाने सवयीने पोत्याचा हूक काढला. ताई जी ओरडली, ती आवक थांबली.

काटा २९ वर गेला.

सहा किलो काढायचे होते. बॅग तिथेच पोत्यांवर उघडली. बाजारसमितीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मोज्यात, लोणच्याची बाटली थर्मलच्या बाहीत आणि चकल्या दाजींच्या माकडटोपीत निघाल्या. अडत्याने पडलेल्या चकलीचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि भाजणी चांगली असल्याचं सांगितलं. पेढे आणि तुपाची बाटली आधीच काढावी लागली होती, कारण बाहेरून येणाऱ्याला दुधाचे नि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. मग बाकी खाण्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. निघाले ते दाजींचे शर्ट. एकामागून एक शर्ट बाहेर पडत होते, आणि दाजी प्रत्येकाकडे बदली झालेल्या सहकाऱ्याकडे बघावं तसे बघत होते. गमबूट गेले. वेलिंग्टन दुसऱ्यांदा जालना जिल्ह्यात राहिला. जॅकेट मात्र काढायचं नाही, यावर हमालासकट सगळ्यांचं एकमत झालं. ते अंगात घालून जा, अंगावरचं वजन कुणी धरत नाही, असा तोडगा अडत्यानेच दिला. तर दाजी जूनअखेरच्या दमट मुंबईत लोकरी अस्तराचं जॅकेट घालून रांगेत उभे राहिले. तपासणीवाल्याने ते काढायलाच लावलं.

जालन्यात तोवर पाऊस झाला होता. हवा गार, रानं ओली. आणि पॅरिसहून ताईचा फोन आला तो पदराने वारा घेत. त्या वर्षी जुलै उजाडता उजाडता पॅरिस असं तापलं होतं, की आयफेल टॉवरचा सगळ्यात वरचा मजला दोन दिवस बंद ठेवावा लागला. म्हणजे हे काही नवलाचं नाही. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये पारा ४२.६ वर गेला होता, आणि इंग्लंडनेही २०२२च्या जुलैत चाळिशी ओलांडली. आपण त्याला मे महिना म्हणतो आणि वाळ्याच्या ताट्या भिजवतो. त्यांच्याकडे ताट्या नाहीत, कूलर नाही, पुष्कळ जुन्या हॉटेलांत पंखाही नाही. घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली. खिडकी वितभर उघडते आणि तेवढ्यात अडकते. दाजी म्हणाले, "इथं सगळं आहे रे. लूव्र आहे, मोनालिसा आहे. एक उषाचा पंखा नाही." खोलीच्या कोपऱ्यात थर्मलची जोडी आणि निळं जॅकेट खुंटीला टांगलेलं. त्यांच्याकडे बघूनच घाम येई, म्हणून ताईने ते कपाटात कोंडलं.

दुसरा घोळ सूर्याने केला. सीन नदीतल्या बोटफेरीसाठी ताईने खास रात्रीची म्हणून एक सेमी पैठणी नेली होती. जूनअखेरीस तिकडे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. सात वाजता भारतीय हॉटेलात वरण आणि जिरा राईस समोर आला तेव्हा खिडकीतून ऊन ताटात पडत होतं. ताई साडी नेसून रात्र व्हायची वाट बघत बसली. दाजी दिवसभरात कोण जाणे किती चालले होते, ते बसल्या जागी झोपले. पैठणी जशी गेली तशी घडी न मोडता परत आली.

जॅकेटचं काम मात्र स्वित्झर्लंडमध्ये झालं, ते सांगितलंच पाहिजे. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. १९१२ पासून तिथवर डोंगराच्या पोटातून गाडी जाते. वर भर उन्हाळ्यातही पारा शून्याच्या आसपासच घोटाळतो. तिथे 'बॉलिवूड' नावाचं भारतीय जेवणाचं हॉटेलही आहे. आत सगळं उबदार. बाहेर बर्फावर माणूस राहतो ते फोटोपुरता, म्हणजे पंधरावीस मिनिटं. त्या पंधरावीस मिनिटांसाठी चार-पाच किलो लोकर जालन्याहून उचलून आणायची. यात चूक आपली नाही, यश चोप्रांची आहे. त्यांनी १९८९ च्या 'चांदनी'त श्रीदेवीला शिफॉनच्या साडीत स्वित्झर्लंडमध्ये उभं केलं आणि एका पिढीच्या बायकांच्या मनात बर्फ आणि शिफॉन यांची कायमची गाठ मारली. इंटरलाकेनमध्ये त्यांचा पुतळा आहे, तिथल्या लोकांनी उपकार मानून बसवलेला. ताईच्या बॅगेत तळाशी एक पिवळी शिफॉन होती. मोंढ्यात काट्यावर सगळं उघडलं तेव्हाही ती दिसली नव्हती. ती तिने थर्मलवरून नेसली. फोटोत पदर छान उडतोय, आणि ब्लाउजच्या बाहीतून राखाडी थर्मल मनगटापर्यंत उतरलेलं आहे. पायात स्पोर्ट शूज. मागे दाजी निळ्या जॅकेटात, चेहऱ्यावर प्रथमच समाधान. सगळ्या सहलीतला सगळ्यांत चांगला फोटो तोच.

रोमला दाजींनी आयुष्यातली पहिली बर्म्युडा घातली. उकाडा होता, सहलीतल्या तरण्या पोरांनी भरीला घातलं. सेंट पीटर्स चर्चच्या दारात नियम असा, की खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ताई डोक्यावरून पदर घेऊन सरळ आत गेली, तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. तिच्या मागे बिनबाह्यांच्या झग्यांतल्या गोऱ्या मुली गळ्याला रुमाल बांधत खोळंबल्या होत्या. दाजींचे गुडघे मात्र अडले. त्यांनी खांद्यावरची दस्ती कमरेला गुंडाळली, ती पुरेना. मग ताईची शाल आली. ती लुंगीसारखी नेसून बँकेचे माजी शाखाधिकारी मायकेलअँजेलोच्या पिएतासमोर हात जोडून उभे राहिले. धोतरावर गेले असते तर काहीच प्रश्न नव्हता.

पायातल्याची कथाही तशीच. कोल्हापुरी नेऊ का, असं दाजींनी निघताना विचारलं होतं, तेव्हा घरातली सगळी अंगावर आली होती. युरोपात जाऊन चपला? पांढरे बूट घेतले, त्यांनी टाचेला फोड आणले. आणि त्याच जूनमध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात मॉडेल मंडळी हुबेहूब कोल्हापुरी घालून चालत होती. इकडे त्यावरून गदारोळ झाला, कारण २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मग प्राडाने प्रेरणा भारतातली असल्याचं कबूल केलं. दाजींची बस मिलानवरून गेली. त्यांच्या चपला इकडे ओसरीत होत्या.

परत आल्यावर बॅग उघडली, तेव्हा निम्मे कपडे घडी न मोडलेले निघाले. बाकी निम्म्यांना सगळ्या देशांचा एकच वास येत होता, लोणच्याचा. थर्मलची बाही खूप धुतली तरी पिवळीच राहिली.

आता दाजीही जाऊन आलेले झाले. त्यामुळे त्यांच्याकडे माणसं येऊ लागली. परवा परतूरहून मावशींचे जावई आले. मुलगा जर्मनीत आहे, जूनमध्ये निघायचंय, कॉलनीचं जॅकेट तुमच्याकडे आहे असं कळलं. वही-पेन घेऊनच बसले.

"थंडी कशी असते हो?"

"थंडी?" दाजींनी पॅरिसची रात्र आठवली असावी. "छे. उकडून जीव जातो."

"मग थर्मल नको?"

"असू द्या. वर बर्फात लागतं."

"माकडटोपी?"

"घ्या. वजन काय तिला."

"रेनकोट? सुती कपडे? भारी साडी?"

दाजी प्रत्येकाला मान हलवत गेले. जावयाने पान उलटलं. "म्हणजे यादीतून काढायचं काय मग?"

"काढायचं काही नाही," दाजी म्हणाले. "फक्त एक टेबलफॅन वाढवा."